गोंदण आणि हीलिंग ब्रश

आदिलाबाद जिल्ह्यातल्या आमच्या नार्नूरकडे फोटो जपला जातो तो दोन कामांसाठी. एक कागदपत्रांना, दुसरा भिंतीला. लग्नाचे अल्बम आता घरोघर आहेत, पण ते कपाटात असतात आणि पाहुणे आले तरच बाहेर निघतात. कागदाचा फोटो मात्र खिशात, पिशवीत, पासबुकाच्या प्लास्टिकच्या कव्हरात कायम सोबत. मीसेवा केंद्रात अर्ज करा, बँकेत खाते उघडा, पोरीची शिष्यवृत्ती भरा, पट्टादार पासबुकाचे काम काढा, साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा तो चौकोन आधी मागतात. भिंतीवरचा फोटो माणूस गेल्यावर लागतो. आणि पुष्कळदा भिंतीवरचा मोठा फोटो कागदावरच्या त्या चिमुकल्या चौकोनातूनच काढावा लागतो, कारण त्या माणसाचा दुसरा फोटो कोणी कधी काढलेलाच नसतो.

या मुलखात कागद वारंवार बदलले आहेत. १९४८ पर्यंत निजामाचे राज्य, मग हैदराबाद राज्य, १९५६ ला आंध्र प्रदेश, २०१४ ला तेलंगणा. २०१६ मध्ये जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले आणि नार्नूरमधून गादीगुडा मंडल वेगळे निघाले. घरात आम्ही मराठी बोलतो, शेजारी गोंडी, तांड्यावर बंजारा बोली, कचेरीत तेलुगू. शेजारच्या केरामेरी आणि जिवतीच्या सीमेवर परंडोळी, मुकदमगुडा, अंतापूर अशी चौदा गावे आहेत, त्यांच्यावर तेलंगणा आणि महाराष्ट्र या दोन राज्यांचा दावा आहे आणि तिथल्या माणसांकडे दोन्हीकडची ओळखपत्रे असतात. एकाच माणसाचे दोन फोटो, दोन सरकारांच्या कागदांवर. तरी त्यातल्या एखाद्या म्हाताऱ्याचा साधा हसरा फोटो शोधायला गेलात तर मिळत नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी भाच्याच्या स्टुडिओत जाऊन बसू लागले, ते फोटो एडिटिंग शिकायला. लहानसे दुकान आहे. पुढे निळा पडदा, एक स्टूल, दोन लाइट. मागे कॉम्प्युटर, स्कॅनर, प्रिंटर. फ्लेक्सवर तेलुगू मजकूर असला तर अनु फॉन्ट, मराठी असला तर श्रीलिपी. फोटोसाठी भाचा गिंप वापरतो. स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या बर्कलेच्या दोन विद्यार्थ्यांनी केलेले हे सॉफ्टवेअर १९९६ साली लोकांसमोर आले आणि आजही फुकट आहे. ज्यांना दरमहा फोटोशॉपचे पैसे भरणे जड जाते, अशा किती गावांतल्या किती मुलांनी यावर हात बसवला असेल! या दोन विद्यार्थ्यांचे मला फार ऋण वाटते.

पहिला धडा लेयरचा. भाचा म्हणाला, "आत्या, मूळ लेयरला हात लावायचा नाही. त्याची नक्कल काढायची आणि जे करायचं ते नकलेवर." फोटोशॉपमध्येही लेयर आले ते १९९४ मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत. त्याआधी जे करायचे ते थेट चित्रावर, आणि केले की झाले. आता मूळ फोटो खाली शाबूत राहतो, वर कितीही थर चढवा, डोळ्याचे चिन्ह मिटले की थर दिसेनासा होतो. हातचे काम करणाऱ्या कुठल्याही कारागिराला एवढी मोकळीक मिळत नाही. शिंप्याची कात्री चालली की कापड परत येत नाही.

फोटोशॉपच्या साधनांच्या पट्टीत डॉजचे चिन्ह म्हणजे काडीला लावलेली काळी चकती आणि बर्नचे चिन्ह म्हणजे बोटे वळवलेला हात. ही चित्रे अशीच का, हे कळल्यावर मला ती दोन साधने एकदम जवळची वाटू लागली. डार्करूममध्ये कागदावर उजेड पाडताना चेहऱ्यावर तारेला लावलेली पुठ्ठ्याची चकती धरून हलवत राहायची, म्हणजे तिथे उजेड कमी पडतो आणि तो भाग प्रिंटमध्ये उजळ येतो. हाताच्या मुठीतून भोक ठेवून तेवढ्याच भागावर जास्त उजेड सोडला की तो भाग गडद होतो. फोटोशॉप लिहिणाऱ्या थॉमस नोल यांच्या वडिलांची घरच्या तळघरात डार्करूम होती, तिथे ते लहानपणी शिकले. १९८७ मध्ये त्यांनी सुरुवात केली, भाऊ जॉन सोबत आला, आणि १९९० च्या फेब्रुवारीत अडोबीने पहिली आवृत्ती बाजारात आणली. म्हणजे या पडद्यावरच्या विद्येचा वंश आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओवाल्यांच्या वंशाशी एकच आहे. काचेच्या निगेटिव्हवर टोकदार शिसपेन्सिलीने सुरकुत्या सौम्य करणारे, प्रिंटवरचे पांढरे ठिपके बारीक कुंचल्याने भरणारे रिटचर हे सगळे याच कामातले पूर्वज.

सगळ्यात जास्त आनंद मला मिळाला तो गुसाडीच्या मोरपिसांनी. दिवाळीआधी गोंडांच्या दंडारी नाचाचे दिवस आले की फ्लेक्सची मागणी वाढते. त्यात नाचणारा गुसाडी म्हणजे अंगाला राख, खांद्यावर हरणाचे कातडे आणि डोक्यावर मोरपिसांचा तो भला मोठा मुकुट. मार्लवाईच्या कनकराजूंना २०२१ ची पद्मश्री या गुसाडी नृत्यासाठी मिळाली. २०२४ मध्ये ते गेले. फ्लेक्ससाठी गुसाडी मागच्या विजेच्या तारांतून, खांबांतून वेगळा कापून काढावा लागतो. पाथ टूलने खांदे, काठी, पाय सुबक निघतात, पण पिसांपाशी सगळे अडते. एकेका पिसाला शेकडो केसासारखे धागे, आणि धाग्याधाग्यांमधून आभाळ. भाच्याने चॅनल उघडून दाखवले. लाल, हिरवा, निळा अशा तीन करड्या चित्रांतून फोटो बनलेला असतो. निळ्या चॅनलमध्ये आभाळ जवळजवळ पांढरे दिसते आणि पिसे काळसर. त्या चॅनलची नक्कल करायची, लेव्हल्सने पांढरे आणखी पांढरे आणि काळे आणखी काळे करायचे, मधल्या भागातली भोके ब्रशने बुजवायची, आणि ते चित्र इन्व्हर्ट करून, म्हणजे काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे करून, मास्क म्हणून वापरायचे; मास्कमधले पांढरे दिसते, काळे झाकले जाते. एकेक धागा सुटा निघतो. कडांना आभाळाचा निळसर रंग चिकटून राहतो, तो वेगळा उतरवावा लागतो. पहिल्यांदा तो मुकुट पूर्ण निघाला तेव्हा मी कितीतरी वेळ शंभर टक्के झूम करून नुसते बघत होते. डोळ्यांनी मोरपीस आयुष्यभर पाहिले, पण त्याची कड मी त्या दिवशी पाहिली.

पांढरा रंगही तसाच शिकवून जातो. केसलापूरच्या नागोबा जत्रेत मेश्राम कुळातल्या नव्या सुना पांढऱ्या लुगड्यांत, चेहरा झाकून देवाच्या भेटीला येतात. पुष्कळ फोटोंत ती लुगडी कोऱ्या कागदासारखी येतात. कॅमेऱ्याच्या साध्या फाइलमध्ये प्रत्येक रंगाला ० ते २५५ एवढ्याच पायऱ्या. तिन्ही रंग २५५ वर पोचले की तिथे काही उरत नाही. निरी नाही, पदर नाही, कापडाची वीण नाही. गडद सावलीतून थोडेफार वर काढता येते, जळालेल्या पांढऱ्यातून काही येत नाही. म्हणून मी आता शिकणाऱ्या मुलांना सांगते, फोटो काढतानाच उजेड कमी ठेवा, पांढरे वाचवा.

आता हीलिंग ब्रश. २००२ मध्ये फोटोशॉपच्या सातव्या आवृत्तीत तो आला आणि रिटचिंगचे काम बदलले. गिंपमध्येही आहे. आधी चांगल्या त्वचेचा नमुना निवडायचा, मग नको असलेल्या जागी ब्रश फिरवला की सॉफ्टवेअर त्या नमुन्याचा पोत घेते, आजूबाजूच्या त्वचेच्या उजेडाशी तो जुळवते आणि ती जागा भरून टाकते. पुटकुळी जाते, स्कॅनवरची धूळ जाते, घडीची रेघ जाते. मी एका ओळखीच्या आजीबाईंच्या फोटोवर मुद्दाम तो ब्रश गोंदणावर फिरवून पाहिला. भुवयांच्या मध्ये एक हिरवट ठिपका, हनुवटीवर तीन. एका क्षणात चारही गेले, मागे खूणसुद्धा राहिली नाही. सॉफ्टवेअरच्या लेखी तो डाग होता. आजूबाजूच्या कातडीपेक्षा वेगळा, लहान, गडद, म्हणजे डाग.

आमच्याकडे हे ठिपके काय आहेत ते सॉफ्टवेअरला कुठून ठाऊक असणार? गोंड बायकांना गोंदायचे काम पिढ्यान्‌पिढ्या तोटी समाजाच्या बाया करत आल्या. आंध, बंजारा, आमच्या घरातल्या म्हाताऱ्या, सगळ्यांच्या अंगावर आपापले गोंदण. मेल्यावर सोने इथेच राहते, गोंदण तेवढे सोबत येते, असे आमच्या म्हाताऱ्या सांगतात. ते चार ठिपके मी परत आणले, मूळ लेयर होताच. पण त्यानंतर चेहऱ्यावर ब्रश टेकवण्याआधी विचारायची सवय मला लागली. हा तीळ आहे की माशी बसली होती? ही रेघ जखमेची की फोटो दुमडल्याची? स्कॅनमध्ये दोन्ही सारखेच दिसतात. उत्तर फक्त घरच्यांकडे असते.

एकदा एका गुड्यावरचा, म्हणजे पाड्यावरचा, शेतकरी आईचे मतदार ओळखपत्र घेऊन आला. वर्षश्राद्ध जवळ आले होते, बारा बाय अठरा इंची फोटो हवा होता. ही ओळखपत्रे १९९३ पासून, शेषन मुख्य निवडणूक आयुक्त होते तेव्हापासून निघाली. आमच्या भागातल्या पुष्कळ म्हाताऱ्यांचा तो आयुष्यातला पहिला फोटो, कित्येकांचा एकमेव. नंतर २०१० मध्ये नंदुरबारच्या टेंभलीत पहिले आधार निघाले आणि आणखी एक फोटो सगळ्यांच्या वाट्याला आला, पण ही माउली त्याआधीच गेलेली. कार्डावरचा चेहरा काळापांढरा, दोन सेंटिमीटर रुंद, अडीच उंच. लॅमिनेशनची चमक कपाळावर.

मी हिशेब मांडला, गणिताची शिक्षिका होते म्हणून नव्हे, तर त्यावाचून या कामाचे खरे स्वरूप कळत नाही म्हणून. सहाशे डीपीआयवर स्कॅन केले तर त्या चौकोनात साधारण ४७२ गुणिले ५९०, म्हणजे पावणेतीन लाखांच्या आसपास टिंबे मिळतात. बारा बाय अठरा इंचाला तीनशे डीपीआयने छापायचे तर ३६०० गुणिले ५४००, म्हणजे एक कोटी चौऱ्याण्णव लाख टिंबे लागतात. सत्तर टिंबांत एक स्कॅनमधले, बाकी एकोणसत्तर भरलेली. भिंतीवर जो चेहरा लागणार, त्यातला एवढा मोठा हिस्सा अंदाजाचा. हा अंदाज जुने सॉफ्टवेअर शेजारच्या टिंबांची सरासरी काढून करते, म्हणून चित्र धुरकट होते. नवी एआय अ‍ॅप आधी शिकलेल्या असंख्य चेहऱ्यांवरून करतात, म्हणून चित्र स्पष्ट होते, पापण्या आणि दातसुद्धा दिसू लागतात.

भाच्याने अ‍ॅपवर टाकून दाखवले. पाच-दहा सेकंदांत चेहरा आला. डोळे पाणीदार, गाल गुळगुळीत, नाक सरळ. तो माणूस पडद्याजवळ वाकला, बराच वेळ बघितले आणि म्हणाला, "चांगली हाय. पन हे माही माय नोहे."

त्याच्या या वाक्यावर मी नंतर खूप विचार केला. वर्तमानपत्रांच्या जगात फोटोशी छेडछाड झाली तर धरणारे लोक असतात. २००६ मध्ये बैरूतच्या एका फोटोत क्लोन स्टॅम्प या नक्कल उठवणाऱ्या साधनाने धूर वाढवलेला आढळला, तेव्हा रॉयटर्सने त्या छायाचित्रकाराचे ९२० फोटो मागे घेतले. भिंतीवरच्या फोटोला असा परीक्षक कोण? तो मुलगाच. आणि त्याच्यानंतर कोणी नाही. नातवंडे त्या फोटोकडे बघूनच म्हणणार, आमची आजी अशी होती. चुकीचा चेहरा एकदा हार घालून भिंतीवर चढला की पुढच्या पिढीत तोच खरा ठरतो.

मग आम्ही दुसऱ्या वाटेने गेलो. अ‍ॅपचा निकाल बाजूला ठेवला, स्कॅन नीट केले, कार्ड थोडे तिरके धरून मोबाइलने उजेडात फोटो काढला, म्हणजे कपाळावरची चमक दुसरीकडे सरकली. दोन्ही चित्रे दोन लेयरवर ठेवून, मास्क करून एकातले कपाळ आणि दुसऱ्यातले बाकी घेतले. मुलाला विचारत गेलो. नाकात फुली कुठल्या बाजूला? उजव्या. कानात? बुगडी होती, मरायच्या आधी काढून ठेवलेली. गोंदण? तो गोंधळला, म्हणाला, बहिणीला विचारतो. दुसऱ्या दिवशी बहीण आली. तिने कपाळावर बोट टेकवून दाखवले, "इथं एक. अन् हनुवटीवर एक, जरा डावीकडं." भाच्याने वेगळा लेयर घेतला, ब्रश बारीक केला, अपारदर्शकता खाली आणली, काळसर हिरवा ठिपका ठेवला. बहिणीने मान हलवली. "अजून थोडं फिक्कट. म्हातारपनी उडालं व्हतं." ठिपका फिकट झाला. ती स्क्रीनकडे बघत राहिली आणि तिने पदर डोक्यावर ओढून घेतला.

फोटो आम्ही बारा बाय अठरा केला नाही. आठ बाय दहा छापला, कारण त्याहून मोठा केला तर चेहरा आमचा झाला असता, तिचा नाही. गालावरचा धुरकटपणा तसाच राहू दिला. मुलगा समाधानाने घेऊन गेला.

रंगाबद्दल थोडे सांगायलाच हवे. स्टुडिओत येणारा जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, थोडं गोरं करा. हे मागणे आपल्या लोकांनी हवेतून आणलेले नाही. कोडॅक कंपनी पन्नासच्या दशकापासून छपाईचे रंग जुळवायला शर्ली कार्ड नावाची कार्डे पाठवत असे, त्यावर गोऱ्या बाईचा फोटो. तिची कातडी बरोबर आली की मशीन बरोबर. कित्येक वर्षे जगभरच्या सावळ्या, काळ्या माणसांचे चेहरे त्याच मापाने छापले गेले, आणि चिखलासारखे आले. माणसाला वाटले, आपलाच रंग वाईट. उजेड वाढवणे आणि गोरे करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शिकाऊ माणसाने पहिल्या महिन्यातच समजून घेतले पाहिजे. कर्व्हमध्ये मधला भाग हलका वर उचलला, सावल्या तशाच ठेवल्या आणि रंगाचा गडदपणा उतरू दिला नाही, तर कोलामाचा, गोंडाचा सावळा चेहरा त्याच रंगात उजळतो. डोळे दिसतात, गालाचे हाड दिसते. आम्ही आता असा फोटो करून आधी पुढे ठेवतो, गोरे करण्याबद्दल काही बोलत नाही. बहुतेक जण तोच घेऊन जातात.

अलीकडे व्हॉट्सअ‍ॅपवर जुन्या फोटोंना रंग भरून पाठवण्याची लाट आली आहे. आमच्या भागातल्या जुन्या फोटोंचेच घ्या. निजामाविरुद्ध लढणारे गोंड नेते कुमरम भीम १९४० मध्ये जोडेघाटला मारले गेले, त्यानंतर निजाम सरकारच्या सांगण्यावरून मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ या भागात आले आणि पत्नी बेट्टी यांच्यासह मार्लवाईत राहिले. हायमेनडॉर्फांनी काढलेले आदिलाबादच्या गोंडांचे काळेपांढरे फोटो लंडनच्या सोआस संस्थेत आहेत. हा आमचा अमोल ठेवा आहे. अशा फोटोतल्या लुगड्याला एखादे अ‍ॅप जांभळा रंग देते, दुसरे अ‍ॅप तपकिरी. खरा रंग कोणता, हे फोटोला ठाऊक नाही, कारण त्यात फक्त उजेडाची नोंद आहे. माझे मत स्पष्ट आहे. रंग भरायचाच असेल तर गावातल्या जाणत्या म्हाताऱ्यांना विचारून भरा, आणि रंगवलेल्या प्रतीखाली तसे लिहा. विचारायला कोणी उरले नसेल तर काळापांढरा राहू द्या.

आमच्या भागात शाळा सुटलेली बरीच मुले हे काम शिकू पाहतात. मोबाइलवर व्हिडिओ बघून ती माझ्यापेक्षा दसपट वेगाने शिकतात, शॉर्टकट बोटांवर असतात. मी त्यांच्यासमोर फक्त एक आग्रह धरते, सराव आपल्याच माणसांच्या चेहऱ्यांवर करा. इंटरनेटवरच्या नमुना फोटोंवर केलेले काम बरोबर आहे की नाही, हे सांगणारे कोणी नसते. आपल्या आजीच्या चेहऱ्यावर चुकलात तर ती शेजारी बसलेली असते.

वाचकांना माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या घरात सत्तरी ओलांडलेले कोणी असेल, तर येत्या रविवारी त्यांना सकाळच्या उजेडात दारात बसवा आणि मोबाइलने फोटो काढा. ब्यूटी मोड बंद ठेवा. चेहरा जवळून घ्या, मग हात घ्या, गोंदण असेल तर ते वेगळे घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा असेल तर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तो आकसणार नाही. मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा. आणि फोटोसोबत त्यांचे नाव, गाव आणि तारीख लिहून ठेवा.